‘अनुदान’ या शब्दातील दान

मराठी प्रशासनाच्या परिभाषेत पैशाला अनेक नावे आहेत. कर्मचाऱ्याला मिळते ते वेतन, निवृत्ताला मिळते ते निवृत्तिवेतन, कंत्राटदाराला मिळते ते देयक, आमदाराला मिळतो तो निधी आणि उद्योजकाला मिळते ते प्रोत्साहन. यांतल्या प्रत्येक शब्दात घेणाऱ्याच्या योग्यतेची काही ना काही दखल आहे. मात्र ज्या मुलाला आईबाप नाहीत, किंवा असूनही ज्याला त्यांच्याजवळ ठेवणे धोक्याचे आहे, त्याच्या जेवणाखाण्यासाठी शासनाकडून जे येते ते ‘अनुदान’. हा शब्द आपण इतका वापरला आहे, की त्याच्या पोटात ‘दान’ दडलेले आहे हे कानाला जाणवेनासे झाले आहे. शासनाला मात्र ते चांगले जाणवते. दानाचे सारे नियम तेथे निमूटपणे लागू होतात : दाता देईल तेवढे, देईल तेव्हा, आणि दिलेच तर घेणाऱ्याने वर मोजून पाहू नये.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की महाराष्ट्रातील बालसंरक्षणाचा प्रश्न हा कायद्याच्या अभावाचा प्रश्न नाही, करुणेच्या अभावाचा तर नाहीच नाही. तो हिशेबाचा प्रश्न आहे. कायद्याने मुलाला हक्कदार केले. अर्थसंकल्पाने त्याला याचकच ठेवले. या दोन वाक्यांमधल्या फटीतून मुले खाली पडतात आणि मग आपण त्यांच्यावर हळहळतो.

प्रथम कायद्याकडे पाहू. कारण तेथे अभिमान वाटावा असे बरेच आहे. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला. २०२४ मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. मराठी सारस्वतात या शताब्दीची कोणी फारशी दखल घेतल्याचे दिसले नाही, हेही बोलकेच म्हणायचे. स्वातंत्र्यानंतर १९८६ चा केंद्रीय बाल न्याय कायदा आला, त्यानंतर २००० चा आणि मग २०१५ चा. दरम्यान १९९२ च्या डिसेंबरमध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. या प्रवासात भाषा किती बदलली हे भाषेच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावे. १९८६ च्या कायद्यातील ‘उपेक्षित’ आणि ‘अपचारी’ मुले जाऊन तेथे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आणि ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असे जडजंबाल पण सभ्य शब्द आले. ‘रिमांड होम’चे ‘निरीक्षणगृह’ झाले. मुलावर शिक्का बसू नये म्हणून शब्द काळजीपूर्वक घडवले गेले. या बदलाची टिंगल करणाऱ्यांतले आम्ही नाही. शब्द बदलल्याने दृष्टी बदलायला मदत होते, हे आम्ही मराठीचे अध्यापक वर्गात रोज सांगत असतोच.

पण परिभाषा सुधारली आणि लेखाशीर्ष जुनेच राहिले, तर काय होते? तर सुधारलेली परिभाषा हे न दिलेल्या पैशावरचे भरजरी आच्छादन होते. २०१५ चा कायदा म्हणतो, की प्रत्येक जिल्ह्यात किमान एक बालकल्याण समिती असावी, तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असावेत, आणि तिचे काम महिन्यातून किमान वीस दिवस चालावे. समितीपुढे आलेल्या मुलाची सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत व्हावी. जिल्हा बाल संरक्षण कक्ष असावा. संस्था सोडणाऱ्या तरुणाला अठरानंतरही आधार असावा. यातले प्रत्येक ‘असावे’ ही खर्चाची बाब आहे. सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत व्हायची, तर परिविक्षा अधिकारी हवा. त्याच्या हाताखाली झेपतील एवढीच प्रकरणे हवीत. मुलाच्या गावी जाण्यासाठी त्याला प्रवासखर्च हवा. तो नसेल, तर चौकशी कागदावर होते आणि मूल बालगृहात वाट पाहत राहते. कायद्यातील मुदत त्याच्यासाठी नसतेच.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. केंद्राने २००९-१० मध्ये एकात्मिक बाल संरक्षण योजना सुरू केली. तिचे नाव पुढे बदलले आणि आज ती ‘मिशन वात्सल्य’ या नावाने ओळखली जाते. खर्चाचा वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के असा आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेत राहणाऱ्या मुलाच्या पालनपोषणासाठी दरमहा ३,००० रुपये, तर कुटुंबात राहणाऱ्या मुलाच्या प्रायोजकत्वासाठी किंवा प्रतिपालनासाठी दरमहा ४,००० रुपये दिले जातात. तीन हजार रुपये म्हणजे दिवसाला शंभर. या शंभरात वाढत्या वयाच्या मुलाचे दोन वेळचे जेवण, नाश्ता, दूध, कपडे, साबण, वह्या आणि अंथरूण-पांघरूण बसवायचे आहे. हा लेख वाचणाऱ्या कोणाही प्राध्यापकाने आपल्या घरातील मुलाचा एका दिवसाचा खर्च एकदा कागदावर मांडून पाहावा. आणखी युक्तिवादाची गरज उरणार नाही.

केंद्राची तरतूद किती पुढे गेली? २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ या तिन्ही वर्षांच्या अर्थसंकल्पीय अंदाजांत मिशन वात्सल्यसाठीची रक्कम १,४७२ कोटी रुपयेच राहिली. याच काळात केंद्राच्या एकूण अर्थसंकल्पाचा आकार सुमारे साडेएकोणचाळीस लाख कोटींवरून अठ्ठेचाळीस लाख कोटींपुढे गेला. म्हणजे घर मोठे झाले, पाने वाढली, पण या मुलांपुढचे ताट तेवढेच राहिले. महागाई धरली तर ते लहानच झाले. २०२५-२६ मध्ये ही तरतूद १,५०० कोटी झाली. संपूर्ण देशातील मुलांसाठी अठ्ठावीस कोटींची ही वाढ हा विनोद नसून अधिकृत आकडा आहे.

केंद्राकडे बोट दाखवून राज्याला सुटता येणार नाही, कारण राज्याची स्वतःची बालसंगोपन योजना आहे. संस्थेत न ठेवता नातेवाइकांकडे किंवा एकल पालकाकडे मूल वाढावे, ही तिची मूळ कल्पना, आणि ती उत्तमच होती. पण तिच्यात मुलामागे अनेक वर्षे दरमहा ४२५ रुपये मिळत, म्हणजे दिवसाला चौदा. पुढे ते १,१०० झाले. २०२३ मध्ये ते २,२५० झाले आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.

या नावापाशी क्षणभर थांबले पाहिजे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते स्वतःच्या घरी. कोणत्याही शासन निर्णयाची वाट त्यांनी पाहिली नाही. तेथे आलेल्या एका विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले, यशवंत म्हणून वाढवले आणि डॉक्टर केले. सावित्रीबाईंनी त्या मुलाला दरमहा ठरावीक रक्कम देऊन जबाबदारी संपवली नव्हती. ते आपले मूल आहे असे मानले होते. त्यांचे नाव देऊन शासनाने मूल आपले मानले असते, तर एक साधी विसंगती तरी टळली असती. दोन मुलांची परिस्थिती सारखी असूनही केंद्राच्या योजनेत नाव गेलेल्या मुलाला ४,००० रुपये मिळतात आणि राज्याच्या योजनेतल्या मुलाला २,२५०. त्यांच्या भुकेत १,७५० रुपयांचा फरक आहे असे म्हणायचे काय? फरक भुकेत नाही, फाइलीत आहे. शिवाय केंद्राच्या प्रायोजकत्वासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. महिन्याला सहा हजारांहून थोडे अधिक मिळवणारी खेड्यातील विधवा शेतमजूर या व्याख्येत सुस्थितीतली ठरते.

रक्कम अपुरी आहे, ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी तारखेची आहे. केंद्राचा हप्ता मागील खर्चाच्या उपयोगिता प्रमाणपत्रांवर अवलंबून. तो आला की राज्याने आपला हिस्सा घालायचा. मग ती रक्कम राज्याच्या बाल संरक्षण संस्थेकडून जिल्ह्यांकडे आणि तेथून बालगृहांकडे जायची. या साखळीतील एक कडी अडली की सगळेच अडते. परिणामी वर्षाचा पैसा वर्षअखेरीस, मार्चच्या धांदलीत येतो, कधी वर्ष उलटल्यावर येतो. तोवर संस्था वाण्याकडून उधारीवर धान्य आणतात. मुलाचे पोट मात्र एप्रिलपासूनच चालू झालेले असते. त्याला वर्षअखेर ठाऊक नसते. कक्षातील कर्मचारीही बहुतांशी कंत्राटी, एकत्रित मानधनावरचे. ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नाही, त्याने मुलाच्या पुढच्या दहा वर्षांची योजना आखावी अशी आपली अपेक्षा आहे.

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. ते तपासले पाहिजेत, कारण तिन्ही ऐकायला शहाणपणाचे वाटतात.

पहिला आक्षेप : शासनाकडे पैसा नाही. हा आक्षेप जून २०२४ नंतर कोणी करू नये. त्या महिन्याच्या अखेरीस मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली; तिच्यासाठी वर्षाला ४६,००० कोटी रुपयांचा अंदाज सांगितला गेला; आणि दोन महिन्यांच्या आत कोटीहून अधिक महिलांच्या खात्यांत रक्कम पोचली. त्या महिलांच्या पदरी पैसे पडले याचे आम्हाला दुःख नाही. त्यातल्या अनेकींच्या घरात तेच मुलांच्या तोंडी लागले असतील. मुद्दा वेगळा आहे. इच्छा असेल तेव्हा याच शासनयंत्रणेला पैसा सापडतो, खाती सापडतात, तारीखही पाळता येते, हे तिने स्वतःच सिद्ध केले आहे. मग बालगृहाच्या बाबतीत तीच यंत्रणा एवढी अपंग का होते? उत्तर कटू आहे, पण अवघड नाही : ज्यांना खाते उघडून दिले त्या मतदार होत्या. बालगृहातल्या मुलाला मत नाही, आणि त्याच्या वतीने मत देणारे आईबापही नाहीत. लोकशाहीत इतका निराधार नागरिक दुसरा नाही.

दुसरा आक्षेप : संस्था भ्रष्ट असतात, अनुदान लाटण्यासाठीच काढलेल्या असतात. काही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहातील मृत्यूंच्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून दखल घेतली, तेव्हा महाराष्ट्राच्या लाजेचा एक कोपरा उघडा पडला. पण या उदाहरणातून निष्कर्ष कोणता काढायचा? रुग्णालयात हयगय झाली म्हणून कोणी औषधांचा खर्च बंद करत नाही. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील भीषण प्रकार २०१८ मध्ये जगासमोर आला, तो मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. कोणीतरी प्रशिक्षित माणसे संस्थोसंस्थी गेली, मुलींशी बोलली, अहवाल लिहिला, म्हणून ते कळले. तपासणी ही आकाशातून पडत नाही. तिलाही माणसे लागतात, वेळ लागतो, पैसा लागतो. संस्थांवर अविश्वास आहे, तर तपासणीवर अधिक खर्च करा. येथे मात्र अविश्वासाचे निमित्त करून पालनपोषणाचा खर्च आखडला जातो आणि तपासणीवरही खर्च होत नाही. यातून प्रामाणिक संस्था उपाशी मरते आणि लबाड संस्था टिकते. कारण लबाडाला मुलांच्या ताटातून काढून घेता येते, प्रामाणिकाला येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सुसंस्कृत आहे, म्हणून सर्वांत धोकादायक. तो असा, की मुलाने कुटुंबातच वाढावे, संस्था हा शेवटचा पर्याय असावा. तेव्हा संस्थांवरील खर्च कमी होणे हे प्रगतीचेच लक्षण आहे. यातले पूर्वार्धाचे तत्त्व कायद्यातही आहे आणि आम्हाला ते मान्य आहे. पण कुटुंबात मूल ठेवणे हे संस्थेत ठेवण्यापेक्षा स्वस्त काम नव्हे. त्यासाठी घराची पाहणी करणारा, आजीला धीर देणारा, काकाच्या घरी मुलीची कुचंबणा तर होत नाही ना हे वरचेवर जाऊन पाहणारा समाजकार्यकर्ता लागतो. तो नेमायचा नाही, कुटुंबाला दिवसाला पंचाहत्तर रुपये टेकवायचे आणि संस्थेचे दार बंद करायचे, याला कुटुंबाधारित संगोपन म्हणत नाहीत. याला अंग काढून घेणे म्हणतात. उदात्त तत्त्वाचा उपयोग काटकसरीच्या समर्थनासाठी झाला, की ते तत्त्वही नासते.

न्यायालयांनीही हे सारे सांगून झाले आहे. संपूर्णा बेहुरा यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात २००५ साली दाखल झाली आणि तिचा निकाल फेब्रुवारी २०१८ मध्ये लागला. बालहक्क आयोगांतील रिक्त पदे भरा, बाल न्याय मंडळे आणि बालकल्याण समित्या नियमित भरवा, असे न्यायालयाने शासनांना बजावले. म्हणजे नवे काहीच नाही. कायद्यात लिहिलेले आहे तेच करा, एवढेच सांगायला तेरा वर्षे लागली. याचिका दाखल झाली तेव्हा पाच वर्षांचे असलेले मूल निकालाच्या दिवशी अठराचे झाले आणि कायद्याच्या व्याख्येतून बाहेर पडले.

आता साहित्याच्या विद्यार्थ्यांशी आणि अध्यापकांशी थोडे परखड बोलायचे आहे. हा विषय समाजकार्य महाविद्यालयांचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. पण अनाथ मुलाची जी प्रतिमा महाराष्ट्राच्या मनात आहे, ती घडवण्यात आणि टिकवण्यात आपल्या वर्गांचाही वाटा आहे. नारायण सुर्वे यांचेच उदाहरण घ्या. जन्मतःच रस्त्यावर सोडलेले मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलले, वाढवले, आपले नाव दिले. ते मूल पुढे मोठा कवी झाले, १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही कथा आपण दरवर्षी वर्गात सांगतो आणि वर्ग भारावतो. ती भारावण्यासारखी आहेच. परंतु तिच्यातून आपण धडा कोणता देतो? प्रतिभा असेल तर फुटपाथही विद्यापीठ होते, हा. हा धडा शासनाला फार सोयीचा आहे. गंगाराम सुर्वे यांना भेटलेल्या एका मुलाची ती कथा आहे. ज्यांना कोणी गंगाराम भेटला नाही त्यांच्या कविता अभ्यासक्रमात लागत नाहीत, कारण त्या लिहिल्याच गेल्या नाहीत. सुर्वे यांच्या आयुष्याचे खरे विवेचन करायचे, तर एका गरीब कामगाराने स्वतःच्या अपुऱ्या मजुरीतून जे केले ते समाजाने मिळून का केले नाही, हा प्रश्न विचारावा लागेल.

सिंधुताई सपकाळ यांच्याबाबतीतही हेच झाले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव भाषणे केली, पदर पसरला आणि त्यावर मुले वाढवली. २०१० मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, पुढे पद्म सन्मान मिळाला, २०२२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा शासकीय इतमाम लाभला. आपण टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले, झोळीत नोटाही टाकल्या. पण कायद्याने ज्या मुलांची जबाबदारी शासनावर टाकली आहे, त्यांच्यासाठी एका बाईला पदर का पसरावा लागतो, हे किती सभागृहांनी विचारले? गौरव हा येथे उत्तर टाळण्याचा मार्ग झाला. दात्यांचे कौतुक जितके मोठे, तितकी देणेकऱ्याची आठवण पुसट.

आणि अनुदान म्हणजे काय, ते उशिरा आले की घरात काय होते, हे आपल्याला शिकवायला नको. अनुदानित महाविद्यालयांतील आपले वेतनही त्याच शब्दाच्या आधाराने येते. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी राज्यातील प्राध्यापक संघटनांनी २०१३ मध्ये परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तो अनेक आठवडे चालला आणि सारे राज्य हलले. आपला महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे. भाव चढले की तो चढतो. बालगृहातील मुलाचा दर कशालाही बांधलेला नाही. त्याला संघटना नाही, बहिष्कार टाकायला परीक्षा नाही, मोर्चा काढायला सुट्टी नाही. आपल्या थकबाकीत ज्या भाषेत आपण हक्काविषयी बोललो, तीच भाषा त्याच्यासाठी वापरायला कोणाची परवानगी लागते?

मागणी गुंतागुंतीची नाही. मुलामागील दर महागाई निर्देशांकाशी जोडावेत आणि ते दर वर्षी आपोआप वाढावेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेतील रक्कम केंद्राच्या रकमेइतकी तरी करावी. केंद्राच्या दरात स्वतःची भर घालायला राज्याला कोणी मनाई केलेली नाही. वर्षाचा पहिला हप्ता एप्रिलमध्ये आगाऊ द्यावा. प्रमाणपत्रांचा हिशेब मागाहून करावा, कारण फाइल थांबू शकते, जेवण नाही. परिविक्षा अधिकारी आणि बाल संरक्षण कक्षातील पदे नियमित करावीत. कोणत्या जिल्ह्यातील कोणत्या संस्थेला किती रक्कम कोणत्या तारखेला पोचली, हे शासनाने दर तिमाहीला जाहीर करावे. यासाठी नवा कायदा नको, नवे नाव नको, आणखी एखाद्या थोर स्त्रीला योजनेच्या फलकावर बसवायलाही नको.

आणि जमल्यास शासन निर्णयांतून ‘अनुदान’ हा शब्दही काढावा. त्याच्या जागी ‘देणे’ असा साधा, मराठी, व्यवहारातला शब्द लिहावा. देणे थकले की त्याला थकबाकी म्हणतात, आणि थकबाकीदाराला लोक नावाने ओळखतात. महाराष्ट्र शासन या मुलांचे दाते नाही. ते त्यांचे थकबाकीदार आहे.